पाच मुद्दे पाठवा

मुलुंडच्या कॉलेजातून मेसेज आलाय :
मॅडम, शनिवारी तुमचं सत्र,
यशाचे पाच मुद्दे पाठवा, स्लाइडवर टाकायचेत.
खाली माझा फोटो, हाताची घडी घातलेला,
मागे काचेची इमारत.
ती माझी नाही.
माझा गाळा साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आत,
वळताना रिक्षावाला दोनदा विचारतो,
इथेच ना, नक्की?

मी वापरलेली खोकी विकते.
खोकी म्हटलं की हल्ली लोक हसतात.
हसू देत. माझ्या खोक्यांची पावती असते.

पहिला मुद्दा लिहिला : जोखीम घ्या.
खोडला.
जोखीम मी कुठे घेतली? आईने घेतली,
पतपेढीतली ठेव मुदतीआधी मोडून.
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कारण काय लिहू?
आई म्हणाली, लिहा, घरगुती.
त्या घरगुती कारणातून आता
महिन्याला चाळीस टन पुठ्ठा जातो.

दुसरा : वसुलीत लाजू नका.
अंधेरीच्या एका कंपनीत माझा चेक
तयार होता, फक्त सही राहिली होती.
अकरा दुपारी मी त्यांच्या सोफ्यावर बसले,
मशीनची अकरा कप कॉफी प्यायले.
बाराव्या दुपारी डबा नेला
आणि एसीच्या त्या गारठ्यात
सुकटीच्या चटणीचं झाकण उघडलं.
सव्वादोनला सही झाली.
हे स्लाइडवर कुठल्या शब्दांत लिहायचं?

तिसरा : माणसं ओळखा.
इथे पेन थांबलं.
मशीद बंदरच्या मुर्तुझाभाईंनी मला पुठ्ठा शिकवला.
कड अंगठ्याने दाबायची, कान जवळ न्यायचा,
आवाज बसका आला की समजायचं, पाणी लागून गेलंय,
वरून कितीही कोरडा दिसो.
पुठ्ठा मी आता डोळे मिटून सांगते.
माणसांचं म्हणाल तर,
ओजसला मी भागीदार केलं, तो छान बोलायचा,
आणि दोन मोठी गिऱ्हाइकं घेऊन
एका निळ्या फाइलसकट निघून गेला.
ते एक वेळ ठीक. ते सांगता येतं,
त्यावर टाळ्यासुद्धा पडतात.

रामसूरतचं सांगता येत नाही.
ब्राउन टेपचे बारा रोल कमी भरले होते.
मी त्याच्यासमोर मोजले. पुन्हा मोजले.
चोर म्हटलं नाही.
फक्त आकडा मोठ्याने वाचला.
आठवड्याने चलनात सापडले,
भिवंडीच्या गाडीत मीच चढवलेले, माझ्याच सहीने.
माफी मागितली, पगार वाढवला.
तो म्हणाला, कोई बात नहीं.
पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी
शटरपाशी थांबून पिशवी उघडून दाखवतो :
डबा, गमछा, बिडीचं बंडल.
मी म्हणते, नको रे.
तो म्हणतो, आदत हो गई, मॅडम.
चार वर्षं झाली.

मॅडम, पॉइंट्स? पुन्हा मेसेज.
हसऱ्या चेहऱ्यासकट.
चौथा नाही माझ्याकडे. पाचवा तर नाहीच.
जीएसटी वेळेवर भरा, हे चालेल का?
सोमवारी कुणाला कामावरून काढू नका,
बाकीचा आठवडा सगळेच दाराकडे बघत राहतात,
हे?

सात वाजले. रामसूरत शटरपाशी आला,
पिशवीच्या बंदाला हात घातला.
आज मीच पुढे झाले,
त्याच्या आधी माझी पर्स उघडून धरली.
तो गोंधळला. मग खरंच वाकून पाहू लागला,
एकेक वस्तू, हिशेबाला बसल्यासारखा :
चार्जर, आईच्या बीपीच्या गोळ्या,
कॉलेजचं निमंत्रण, घडी घातलेलं,
आणि तळाशी, कधी पडला कुणास ठाऊक,
ब्राउन टेपचा अर्धा रोल.

त्याने तो बाहेर काढला, उजेडात धरला.
मॅडम, म्हणाला, हा तर कंपनीचा आहे.
मराठीत म्हणाला.
आणि जागेवर ठेवायला आत गेला.